गोठलेल्या पीटमधला नायट्रोजन : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आर्क्टिकमधील कायम गोठलेल्या जमिनीवर, म्हणजे पर्माफ्रॉस्टवर, एक लेख प्रसिद्ध झाला होता. ही जमीन वितळू लागल्यावर कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन कसे बाहेर पडतात, याचे विवेचन त्यात होते आणि शेवटाकडे ‘अशा जमिनींतून नायट्रोजनयुक्त वायूही निघतात’ असे एक वाक्य येऊन गेले होते. त्या एका वाक्याविषयी आलेल्या पत्रांची संख्या पाहता त्याला स्वतंत्र जागा देणे आवश्यक वाटले. या वेळचे सदर म्हणून पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे आणि तो निष्क्रिय वायू आहे, असे आम्ही मुलांना सांगतो. मग तो जमिनीतून थोडा अधिक बाहेर पडला तर बिघडले कुठे? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : हवेतल्या साध्या नायट्रोजनविषयी आपण सांगता ते बरोबर आहे. या गोठलेल्या जमिनींतील पीटमधून, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातून, तो कितीही निघाला तरी हवामानाला त्याचा जाच नाही. चिंता आहे ती त्याच्या भावंडांची आणि त्यांतही मुख्यतः नायट्रस ऑक्साइडची. दंतवैद्य भूल देण्यासाठी जो हास्यवायू वापरतात तोच हा वायू. वजनास वजन धरले आणि शंभर वर्षांचा हिशेब केला, तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा तो सुमारे २७३ पट अधिक उष्णता अडवतो आणि एकदा हवेत गेला की शंभराहून अधिक वर्षे तिथे टिकतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या एक अब्ज भागांत त्याचे प्रमाण सुमारे २७० भाग होते. ते आता ३३६ च्या पुढे गेले आहे. वर स्थितांबरात पोहोचल्यावर तो ओझोनच्या थरालाही इजा करतो. क्लोरोफ्लुओरोकार्बनवर निर्बंध आल्यानंतर, माणूस आज हवेत सोडत असलेल्या वायूंपैकी ओझोनचे सर्वाधिक नुकसान करणारा वायू हाच आहे, हे २००९ मध्ये दाखवून देण्यात आले.

याखेरीज नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रस आम्लाची वाफ हे आणखी दोन वायू जमिनीतून निघतात. ते हवेत फार काळ राहत नाहीत, परंतु तेवढ्या वेळात हवेचे रसायन बदलतात. नायट्रस आम्लावर ऊन पडले की ते फुटते आणि त्यातून हायड्रॉक्सिल हा अत्यंत क्रियाशील कण बाहेर पडतो. हाच कण हवेतला मिथेन नष्ट करतो. म्हणजे एकाच जमिनीतून निघणाऱ्या नायट्रोजनच्या वायूंपैकी एक उष्णता वाढवतो, तर दुसरा मिथेनचे आयुष्य किंचित कमी करू शकतो. वर्गात शिकवताना ‘नायट्रोजन निष्क्रिय आहे’ या वाक्यापुढे ‘जोपर्यंत त्याचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून आहेत तोपर्यंत’ एवढी पुस्ती जरूर जोडावी.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेत आम्ही युरिया आणि शेणखत घालतो, म्हणून जमिनीत नत्र असते. उत्तर ध्रुवाकडे कोणी खत घालत नाही, थंडीमुळे काही कुजत नाही, आणि तिथली झाडे नत्राअभावी खुरटलेली असतात असे वाचले आहे. मग वायू होऊन उडून जाण्याइतके नत्र तिथे येते कुठून? (एक बागायतदार, नाशिक जिल्हा)

उत्तर : हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता, आणि ‘तिथे नत्र नाही’ हे उत्तर गृहीत धरून अनेक वर्षे कोणी मोजमापाच्या फारसे वाटेला गेले नाही. आर्क्टिकच्या जमिनीत कार्बन डायऑक्साइड मोजला गेला, मिथेन मोजला गेला, परंतु नायट्रस ऑक्साइड नगण्य असणार म्हणून यादीतून गळाला. माझ्या मते या विषयातली सर्वांत बोधप्रद गोष्ट हीच आहे.

वस्तुस्थिती अशी की नत्र तिथे भरपूर आहे, मात्र ते झाडाच्या मुळाला घेता येईल अशा रूपात नाही. दलदलीत मॉस, लव्हाळे आणि खुजी झुडपे उगवतात, मरतात, आणि पाणी व थंडी यांमुळे पूर्ण न कुजता थरावर थर साचत जातात. हजारो वर्षे साचलेल्या या तपकिरी, तंतुमय थराला पीट म्हणतात. उत्तर गोलार्धातील अशा जमिनींचे क्षेत्र सुमारे ३७ लाख चौरस किलोमीटर असून त्यांपैकी १७ लाख चौरस किलोमीटर पर्माफ्रॉस्टच्या प्रभावाखाली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार या ३७ लाख चौरस किलोमीटरमध्ये मिळून सुमारे ४१५ अब्ज टन कार्बन आणि १० अब्ज टन नायट्रोजन साठलेला आहे. हे सारे नत्र मेलेल्या वनस्पतींच्या प्रथिनांत आणि ह्यूमसमध्ये अडकलेले आहे. आपल्याकडे शेणखत कुजल्यावर त्यातले नत्र मोकळे होते, तेच काम तिथे अतिशय संथ चालते, आणि जे थोडे मोकळे होते त्यावर मुळे व सूक्ष्मजीव तुटून पडतात. म्हणून झाडे खुरटलेली, आणि म्हणूनच हवेत जायला काही उरत नाही.

मग चित्र बदलते कुठे? तर जिथे झाडच नाही तिथे. रशियाच्या युरोपीय भागाच्या ईशान्य कोपऱ्यात, कोमी प्रजासत्ताकात, व्होर्कुता या कोळशाच्या खाणींच्या शहरापासून फार लांब नसलेल्या सेइदा या ठिकाणी फिनलंडमधील शास्त्रज्ञांनी मोजमाप केले आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे पीटची उंचवट्यासारखी पठारे आहेत. हे पीट मुळात ओल्या दलदलीत तयार झाले, पुढे हवामान थंड झाल्यावर त्याच्या आत बर्फ धरला, बर्फाने ते खालून वर उचलले आणि वर आलेला भाग कोरडा पडला. पठारावर लायकेन, खुजा बर्च आणि क्लाउडबेरी यांची झाडोऱ्याची चादर असते. पण तिच्यामध्ये मधूनमधून काही मीटर रुंदीची गोल, उघडी, काळपट वर्तुळे दिसतात, ज्यांत गवताचे पातेही नसते. गोठण्या-वितळण्याने तिथली माती सतत घुसळली जाते, वारा वरचा थर खरवडतो, हिवाळ्यात बर्फ टिकत नाही, त्यामुळे बी रुजतच नाही. या वर्तुळांतून निघणारा नायट्रस ऑक्साइड उष्ण कटिबंधातील जंगलांच्या मातीतून निघणाऱ्या प्रमाणाच्या तोडीचा भरला. दोन पावलांवरच्या झाडोरा असलेल्या पीटमधून मात्र जवळजवळ काहीच निघत नव्हते.

वर्तुळातील पीट जुने आहे, बऱ्यापैकी कुजलेले आहे आणि त्यात कार्बनच्या तुलनेत नायट्रोजन अधिक आहे. आपल्या कृषी विद्यापीठांच्या कंपोस्टविषयक पुस्तिकांत कर्ब-नत्र गुणोत्तराचा उल्लेख आपण पाहिला असेल. ते साधारण २५ च्या खाली आले की सूक्ष्मजीवांना स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त नत्र मिळू लागते आणि उरलेले ते मातीत सोडतात. एरवी ते उचलायला मुळे असतात. इथे मुळे नाहीत, त्यामुळे नायट्रेट साचते आणि त्यातून वायू तयार होतो.

प्रश्न : पाठ्यपुस्तकात नायट्रीकरण आणि विनायट्रीकरण अशा दोन प्रक्रिया दिल्या आहेत. पीटमध्ये यांपैकी कोणती चालते, आणि विनायट्रीकरणाचा शेवट साध्या नायट्रोजनमध्ये होतो असे असताना नायट्रस ऑक्साइड मधेच कसा सुटतो? (बी. एस्सी.ची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : दोन्ही चालतात, बहुधा एकाच मुठीभर पीटमध्ये. नायट्रीकरणाला ऑक्सिजन लागतो. त्यात अमोनियापासून नायट्राइट व नायट्रेट बनतात आणि त्या ओघात थोडा नायट्रस ऑक्साइड निसटतो. आम्लधर्मी आर्क्टिक पीटमध्ये हे काम जीवाणूंपेक्षा आर्किया हे सूक्ष्मजीव अधिक करतात, असे गेल्या काही वर्षांत दिसून आले आहे. विनायट्रीकरण ऑक्सिजन नसताना चालते. त्यात नायट्रेटचे पायरीपायरीने नायट्राइट, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि सरतेशेवटी साधा नायट्रोजन होतो. शेवटची पायरी ज्या तांबेयुक्त विकरामुळे पार पडते ते मोठे नाजूक असते. किंचित ऑक्सिजन लागला किंवा माती आम्लधर्मी असली की ते मंदावते, आणि साखळी नायट्रस ऑक्साइडपाशी तुटते. पीट बहुधा आम्लधर्मीच असते.

म्हणून सारा खेळ ओलाव्याचा आहे. कोरड्या ठणठणीत पीटमध्ये सूक्ष्मजीव सुस्त असतात. पाण्याने तुडुंब भरलेल्या पीटमध्ये ऑक्सिजन नसल्यामुळे नायट्रेट बनतच नाही, आणि जे असेल ते थेट साध्या नायट्रोजनपर्यंत जाते. या दोन्हींच्या मधली स्थिती, शेतकरी जिला वाफसा म्हणतो तिच्याहून जरा ओलसर, ही धोक्याची. मातीच्या कणांमधल्या पोकळीपैकी साधारण ६० ते ८० टक्के पाण्याने भरलेली असते तेव्हा काही छिद्रांत हवा आणि शेजारच्या छिद्रांत पाणी असते. एकीकडे नायट्रेट बनते, दुसरीकडे ते मोडते, आणि मधला वायू वर निघून जातो.

या मुद्द्याचा पुरावा म्हणून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. फिनलंडच्या लॅपलंड भागातील पाल्सांमधून, म्हणजे आत बर्फ असलेल्या पीटच्या टेकाडांमधून, पर्माफ्रॉस्टसकट अखंड उभे नमुने कापून प्रयोगशाळेत आणले गेले आणि निसर्गात जसे घडते तसे ते वरून खाली टप्प्याटप्प्याने वितळवले गेले. उघड्या पीटमधून निघणारा नायट्रस ऑक्साइड दर चौरस मीटरला दिवसाकाठी ०.५६ मिलिग्रॅमवरून २.८१ मिलिग्रॅमवर, म्हणजे पाचपट, गेला. ज्या नमुन्यांवर झाडोरा होता त्यांत हे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी कमी होते, तरीही वितळण्यामुळे होणारी वाढ पूर्ण थांबली नाही. आणि जे नमुने पाण्याखाली ठेवले, त्यांतून हा वायू जवळपास बंद झाला. मातीच्या एकाच प्रकारात झाडोरा आणि पाणी या दोन गोष्टी सगळा फरक घडवून आणतात, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणे कठीण आहे.

प्रश्न : मी एका रासायनिक कारखान्यात उपकरणांचे काम पाहत असे. अब्जातील काही भाग इतका विरळ वायू उघड्या माळावर मोजतात कसा? (एक निवृत्त तंत्रज्ञ, ठाणे)

उत्तर : पद्धत साधी आहे आणि चिकाटी मागणारी आहे. पीटमध्ये धातूची कडी आधीच रुतवून ठेवतात, म्हणजे मोजण्याच्या दिवशी जमीन हलत नाही. कडीच्या वरच्या काठाला खाच असते. त्या खाचेत पाणी ओतून त्यावर अपारदर्शक डबा उपडा ठेवला की पाण्यामुळे हवा अडते. मग पाऊण तासाच्या आत ठराविक अंतराने सिरिंजने डब्यातील हवा काढून ती निर्वात कुप्यांत भरतात आणि प्रयोगशाळेत नेऊन वायुवर्णलेखाने, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफने, तपासतात. त्याला जोडलेला, अत्यल्प प्रमाणही टिपणारा इलेक्ट्रॉन कॅप्चर शोधक आपल्या परिचयाचा असेल. डब्यातील प्रमाण ज्या वेगाने वाढते त्यावरून जमिनीचा उत्सर्गदर निघतो. ही सारी माणसे फळ्यांच्या वाटेवरून चालतात, कारण पीटवर पाय पडला की आतला वायू दाबाने बाहेर येतो आणि आकडा फुगतो. अलीकडे लेसरवर चालणारी यंत्रे जागेवरच वाचन देतात, त्यामुळे सिरिंजचे काम कमी होत चालले आहे.

साधा नायट्रोजन मोजणे याहून कितीतरी कठीण आहे, कारण ७८ टक्के नायट्रोजनच्या हवेत मातीतून आलेली कणभर भर ओळखणार कशी? त्यासाठी मातीचा नमुना प्रयोगशाळेत आणून त्याच्या भोवतीची हवा हेलियम आणि ऑक्सिजनच्या मिश्रणाने बदलून टाकतात, किंवा जड नायट्रोजन (नेहमीपेक्षा वजनदार अणूंचा नायट्रोजन) असलेले नायट्रेट मातीत मिसळून त्याचा माग काढतात. नायट्रस आम्लाची अडचण निराळी आहे. ते नळीच्या आणि डब्याच्या भिंतींना चिकटते, म्हणून त्यासाठी सतत हवा वाहती ठेवणारा डबा लागतो. तरीही उत्तरेकडील पर्माफ्रॉस्टच्या उघड्या पीटमधून नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रस आम्ल हे दोन्ही निघतात, एवढे आता मोजून ठरले आहे.

डब्याखाली जेमतेम हातभर जमीन येते, ही या पद्धतीची मर्यादा. म्हणून ऑगस्ट २०१३ मध्ये ॲलास्काच्या उत्तर उतारावर, म्हणजे आर्क्टिक महासागराकडे उतरत जाणाऱ्या प्रदेशावर, कमी उंचीवरून उडणाऱ्या विमानातून मोजणी केली गेली, आणि तिथेही डब्यांच्या मोजणीशी जुळणारे, म्हणजे दखल घ्यावी असे, प्रमाण आढळले. तो एकाच महिन्याचा आणि एकाच प्रदेशाचा हिशेब आहे, हे मात्र विसरू नये. वसंतात जमीन वितळताना आणि शरदात ती पुन्हा गोठताना वायूचे झोत येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत तिथे पोहोचणे सर्वांत अवघड असते.

प्रश्न : गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे व त्याचे आर्क्टिकमध्येही ठाणे आहे. ते ठाणे अशा पीटवर आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. २००८ मध्ये सुरू झालेले ‘हिमाद्री’ हे भारताचे ठाणे स्वालबार्ड द्वीपसमूहात न्यू-ओलेसुंद येथे सुमारे ७९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जमीन गोठलेली आहे, पण ती मुख्यतः हिमनद्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांची. रशियात किंवा लॅपलंडमध्ये दिसतात तशी पीटची विस्तीर्ण पठारे तिथे नाहीत. स्वालबार्डमध्ये नत्र एकवटते ते समुद्रपक्ष्यांच्या कड्यांखाली, त्यांच्या विष्ठेमुळे, आणि तिथे मॉसचा जाड गालिचा वाढतो. तो विषय याच्या जवळचा असला तरी वेगळा आहे.

प्रश्न : वर्तमानपत्रांत पर्माफ्रॉस्टला ‘टाइम बॉम्ब’ म्हटले जाते. नायट्रस ऑक्साइडच्या बाबतीत हे खरे मानावे का? (एक वकील, नागपूर)

उत्तर : मी तो शब्द वापरत नाही, कारण त्यामुळे घाबरणे आणि दुर्लक्ष करणे एवढे दोनच पर्याय उरतात. आकडे पाहू. २००७ ते २०१६ या दशकात जगातील सर्व स्रोतांमधून नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने वर्षाला सरासरी सुमारे १.७ कोटी टन नायट्रोजन हवेत गेला. त्यांपैकी ७३ लाख टन माणसाच्या उद्योगांमुळे गेला आणि त्यात सर्वांत मोठा वाटा शेतीचा, म्हणजे रासायनिक खते आणि शेणखत यांचा होता. पर्माफ्रॉस्ट प्रदेशातील जमिनींचा २००० ते २०२० या काळातील अंदाज वर्षाला सुमारे ५.५ लाख टन इतका आहे. त्याची अनिश्चितता एवढी मोठी आहे की खालचे टोक शून्याला टेकते. म्हणजे आज तरी नायट्रस ऑक्साइडच्या बाबतीत जगभरच्या शेतांत वाया जाणारे नत्रखत हा गोठलेल्या पीटपेक्षा मोठा प्रश्न आहे, आणि तो आपल्या हातातलाही आहे.

तरीही मी पीटकडे दुर्लक्ष करा असे म्हणणार नाही. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. लॅपलंडच्या प्रयोगाचेच निष्कर्ष धरले, तर नायट्रस ऑक्साइड निघण्याची शक्यता जास्त असलेले भाग आर्क्टिकच्या सुमारे एक चतुर्थांश क्षेत्रावर पसरलेले आहेत. पुढे काय होईल हे त्या भागांत पाणी कुठे जाते यावर ठरेल. पाल्सा वितळून खचला आणि त्याचे तळे झाले, तर नायट्रस ऑक्साइड थांबेल आणि मिथेन वाढेल. उतारावरून पाणी निघून गेले आणि पीट उघडे पडले, तर उलट घडेल. उबदार हवेत झुडपे दाट वाढली तर ती मोकळे झालेले नत्र उचलून घेतील. वणवा लागला तर तीच झुडपे जातील. सायबेरियात लेना नदीच्या त्रिभुज प्रदेशात, पीट नव्हे पण बर्फाने गच्च भरलेल्या येडोमा मातीच्या कड्यांवर, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की कडा ढासळल्यावर लगेच फारसा वायू निघत नाही. ढासळलेली माती निचरा होऊन स्थिरावते तसे प्रमाण वाढते आणि दहा वर्षांच्या आत ते मोठे होते. याचा अर्थ वितळलेल्या जागी एकदा जाऊन मोजणी केली आणि काही सापडले नाही, एवढ्यावरून ती जागा निर्धोक ठरवता येत नाही.

प्रश्न : उघडी वर्तुळे हेच मूळ असेल तर त्यांवर काही लावता येणार नाही का? (त्याच वाचकांचा दुसरा प्रश्न)

उत्तर : सेइदासारखी नैसर्गिक वर्तुळे फार जुनी आहेत. ज्या घुसळणीमुळे तिथे बी टिकत नाही तीच लावलेले रोपही उखडेल, आणि लाखो चौरस किलोमीटरवर हे करण्याचा विचारही व्यवहार्य नाही. नवी उघडी जमीन तयार होऊ न देणे मात्र शक्य आहे. टुंड्रावरून उन्हाळ्यात अवजड वाहन गेले की झाडोरा चिरडतो, काळे पीट उघडे पडते, ते ऊन शोषते, खालचा बर्फ वितळतो, आणि चाकोरी कित्येक दशके तशीच राहते. म्हणून ॲलास्काच्या उत्तर उतारावर रस्ता सोडून अवजड वाहने नेण्याची परवानगी हिवाळ्यात, जमीन ठरावीक खोलीपर्यंत पुरेशी गोठल्याची आणि तिच्यावर पुरेसा बर्फ साचल्याची प्रत्यक्ष मोजणी झाल्यावरच दिली जाते. हा नियम झाडोरा आणि पर्माफ्रॉस्ट वाचवण्यासाठी केला गेला, नायट्रस ऑक्साइडसाठी नव्हे, पण त्याचा उपयोग इथेही होतो.